उस्तादांचं देणं

ज्या माणसाचं मी सर्वांत मोठं देणं लागते, त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना येत नव्हती. ते अरबीत लिहिणारे कवी होते. वाढलेले बगदादमध्ये, पुढं देश सोडून दुसरीकडे राहिलेले. मी वाईची. आमची गाठ पडली ती अमेरिकेच्या मध्यावर, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा सिटी नावाच्या गावात. ते आता नाहीत. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते लिहावं की नाही हे विचारायला ते नाहीत. आणि मला जे सांगायचं आहे त्याला त्यांच्या कीर्तीची गरजही नाही. मोठ्यानं वाचायचं कसं, हे या माणसानं मला शिकवलं. त्या शिकवण्यावर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

आयोवा सिटी तसं छोटंच. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, त्यात तीस हजारांच्या घरात विद्यापीठाचे विद्यार्थी. सुट्ट्या लागल्या की रस्ते ओस पडतात. शरद ऋतूतल्या शनिवारी विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉलचा सामना असला की काळ्या-पिवळ्या कपड्यांतली गर्दी सकाळपासून मैदानाच्या दिशेनं निघते आणि त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. पण याच गावात १९३६ साली 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झाला, कविता आणि कथा लिहिण्याचं रीतसर शिक्षण देणारा. पॉल एंगल हे जवळच्याच सीडर रॅपिड्समध्ये जन्मलेले कवी. त्यांनी तो दोन तपं सांभाळला. मग १९६७ मध्ये त्यांनी आणि तैवानहून आलेल्या चिनी कादंबरीकार ह्वालिंग न्ये यांनी मिळून 'इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम' उभा केला. ऑगस्ट सरता सरता जगभरातले लेखक या गावात येतात, नोव्हेंबर लागेपर्यंत राहतात, लिहितात, एकमेकांना आणि गावाला वाचून दाखवतात. ओरहान पामुक इथं १९८५ साली होते, हान कांग १९९८ मध्ये, मो यान २००४ मध्ये. तिघांनाही नोबेल मिळालं ते नंतर. इथं असताना ती तिघं किराणा कुठं मिळतो हे विचारत फिरणारी पाहुणे मंडळीच असणार. २००८ मध्ये युनेस्कोनं या गावाला साहित्याचं शहर म्हणून मान दिला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आयोवा नदीला महापूर येऊन विद्यापीठाच्या कितीतरी इमारतींत पाणी शिरलं होतं. नदीकाठच्या गावातून आलेल्या मला या दोन्ही गोष्टी एकाच गावाच्या वाटल्या, त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी तिकडं निघाले तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नकाशा न उघडता सांगितलं होतं, "चित्रे होते की तिथं." नाना शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी विश्वकोशाच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात आयोवा सिटीत होते हे त्यांना पाठ होतं. पिंजऱ्यातून प्रवास करण्याची प्रतिमा ज्या इंग्रजी संग्रहाच्या नावात आहे, तो चित्र्यांचा संग्रह १९८० साली आला. नानांना इंग्रजी कविता फारशी रुचायची नाही, तरी तो त्यांनी कुठून तरी मिळवून वाचला होता. तुकोबांना इंग्रजीत नेणारा माणूस ज्या गावात राहिला ते गाव वाईट असणार नाही, अशी त्यांची खात्री होती. माझ्या आईला मात्र तिथं बर्फ किती पडतं याची काळजी होती, आणि ती काळजी रास्त होती.

नवऱ्याला तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात संशोधनाचं काम मिळालं होतं. माझ्या व्हिसावर मला पगारी काम करायला परवानगी नव्हती. दिवस मोठा होता. सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची, आणि शरदात हे लेखक आले की त्यांच्यापैकी कुणाला गाडीतून बाजारात ने, कुणाला जेवायला बोलाव, असं करायची. गावातली बरीच माणसं हे करतात. लेखकांचा मुक्काम तेव्हा नदीकाठच्या विद्यापीठाच्या हॉटेलात असायचा. खोलीत चूल नसायची. दोन-तीन आठवडे गेले की वरणभाताला, निदान भाताला, सगळेच आसुसायचे. उस्ताद आमच्याकडे पहिल्यांदा आले ते अशाच एका संध्याकाळी. त्यांच्याबरोबरचा तरुण लेखक त्यांना 'उस्ताद' म्हणत होता. अरबीत थोरामोठ्यांना, शिक्षकांना तसंच म्हणतात. मीही म्हणू लागले. त्यांनी आमटीत लिंबू पिळून घेतलं, मग आणखी पिळून घेतलं, आणि बसऱ्याहून येणाऱ्या वाळवलेल्या लिंबांच्या चहाची गोष्ट सुरू केली.

जेवणं झाल्यावर मी माझ्या मुलीला रोजच्यासारखी गोष्ट वाचून दाखवत होते, इंग्रजी चित्रांच्या पुस्तकातली. उस्ताद दिवाणखान्यात बसून ऐकत होते. निघताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझं वाचन आहे. अरबी मी वाचीन. इंग्रजी तू वाच."

मी नाहीच म्हटलं. या कामासाठी तिथं कवितेचे विद्यार्थी असतात, त्यांच्या तोंडात इंग्रजी जन्मापासूनचं. माझं इंग्रजी वाईच्या शाळेतलं. फोनवर मी पत्ता सांगितला की पलीकडचा माणूस दोनदा विचारायचा, आणि त्यामुळं मी हळूहळू कमीच बोलायला लागले होते. उस्तादांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू प्रत्येक शब्द शेवटपर्यंत उच्चारतेस. इथले तरुण शब्दाचा शेवट गिळतात. माझ्या कवितेत शेवटालाच काम आहे."

आम्ही नदीकाठी, हॉटेलच्या मागच्या बाकावर बसून तालीम करायचो. ऑक्टोबर होता. झाडं लाल-पिवळी होऊन झडत होती, पाण्यात बदकं होती, पलीकडच्या काठानं मुलं धावायला जात. उस्ताद मला उभं करायचे आणि सांगायचे, पलीकडच्या काठाला वाचून दाखव. ओरडायचं नाही. फक्त तिकडं बघून वाचायचं. मी खाली कागदाकडं बघून वाचले की ते काही बोलायचे नाहीत, माझा कागद हळूच हातानं वर उचलून धरायचे.

त्यांच्या सूचना थोड्या होत्या आणि रोज त्याच. नाव वाचलं की थांब, ऐकणाऱ्याला खुर्चीत नीट बसू दे. ओळ संपली की अर्धा श्वास. पूर्ण श्वास घेतलास तर कविता तुटते, घेतलाच नाहीस तर ती बातमी होते. दुःखाच्या ओळीला आवाज हलवायचा नाही, ते काम कवितेनं आधीच केलेलं आहे, तू ते पुन्हा करू लागलीस तर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सांगितली: वाचणाऱ्याला पुढची ओळ माहीत असते, ऐकणाऱ्याला नसते. तुला माहीत आहे हे तुझ्या आवाजातून कळता कामा नये. तू त्यांच्या पुढं चालू नकोस, त्यांच्या शेजारून चाल.

मी मराठीत वाढलेली, म्हणजे कविता मोठ्यानं ऐकत वाढलेली. आपल्याकडे या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं आणि यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांनी कविता गाऊन दाखवायला सुरुवात केली. कविता ऐकायला माणसं गर्दी करतात हे त्यांनी दाखवून दिलं. पुढं विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव फिरून काव्यवाचनं केली. गाणं बाजूला ठेवून नुसतं वाचणं, तरीही सभागृह भरणं, हे त्या तिघांनी महाराष्ट्राला दिलं. नानांनी त्यांना ऐकलेलं होतं आणि विंदा वाचताना हात कसा फिरवायचे हे ते आम्हाला करून दाखवायचे. आमच्या वाईला वसंत व्याख्यानमालेची सवय. मे महिन्यात संध्याकाळी सतरंजीवर बसून ऐकायचं आणि ऐकता ऐकता झोपायचं, हे मी लहानपणापासून केलेलं. एवढं सगळं असूनही वाचण्याचं शास्त्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे वक्तृत्व शिकवतात. हातवारे, चढउतार, शेवटी टाळ्या. ऐकणाऱ्याच्या शेजारून चालायला शाळेत कुणी शिकवत नाही, आणि मला वाटतं शिकवायला हवं, अगदी पाचवीपासून.

एका तालमीच्या मध्ये त्यांनी नाझिक अल-मलाइका यांच्याबद्दल सांगितलं. अरबी कवितेचा छंदाचा हिशोब फार जुना आणि फार कडक. बसऱ्याच्या अल-खलील यांनी आठव्या शतकात तो बांधून दिला. ओळीचे दोन सारखे तुकडे, मग शेवटी तेच यमक, कविता कितीही लांब असो. नाझिक बगदादच्या. १९४७ मध्ये इजिप्तमध्ये पटकीची साथ आली, त्या बातम्यांनी त्या हलल्या आणि त्यांनी 'कॉलरा' ही कविता लिहिली, ओळी कमीजास्त लांबीच्या. त्याच सुमाराला बद्र शाकिर अल-सय्याबही तेच करत होते. अरबी मुक्तछंदाची सुरुवात लोक तिथून मोजतात. मी उडालेच. मर्ढेकरांचं 'काही कविता' १९४७ चंच! अरबीत आणि मराठीत, एकमेकांची सुतराम माहिती नसलेल्या माणसांनी, एकाच वर्षी कवितेला नवं वळण दिलं. मी उस्तादांना मर्ढेकरांबद्दल सांगितलं. ते आकाशवाणीत होते हे ऐकल्यावर उस्तादांचे डोळे चमकले. "म्हणजे त्यांना आवाज माहीत होता," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही रोज उपयोगी पडतं. जुन्या छंदात ओळ कुठं संपली हे कान आपोआप ओळखतो, यमक येऊन सांगतं. आपल्या अभंगाचं, ओवीचं तसंच आहे. जात्यावर बसलेल्या बाईला ओळ संपल्याचं दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. मुक्तछंदात ते काम वाचणाऱ्यावर येतं. कवीनं यमकाचा पहारेकरी काढून टाकला, आता दारात तू उभी आहेस, असं ते म्हणाले. छंदातली कविता वाईट वाचली तरी तरते. मुक्तछंदातली मरते.

बगदादमधल्या अल-मुतनब्बी रस्त्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण जे बोलले ते मी विसरलेले नाही. दहाव्या शतकातल्या कवीचं नाव असलेला हा रस्ता पुस्तकांचा आहे. शुक्रवारी तिथं पुस्तकं जमिनीवर मांडलेली असतात, माणसं वाकून वाकून चाळतात, मग कोपऱ्यावरच्या शाहबंदर कहवाखान्यात जाऊन बसतात. कुणी कविता म्हणायला लागलं आणि एखादी ओळ आवडली की ऐकणारे ती पुन्हा म्हणायला लावतात, आणि कवी ती पुन्हा म्हणतो. ५ मार्च २००७ रोजी त्या रस्त्यावर मोटारीतल्या बॉम्बचा स्फोट झाला. पंचवीसहून जास्त माणसं गेली. पुस्तकांच्या दुकानांना आग लागली. शाहबंदर उद्ध्वस्त झालं आणि त्याच्या मालकांचे मुलगे त्यात गेले. नंतर तो रस्ता पुन्हा उभा राहिला, कहवाखानाही. उस्ताद त्या वेळी तिथं नव्हते, देश त्यांनी आधीच सोडला होता. पण ज्यांच्याकडून त्यांनी पहिली पुस्तकं घेतली ती माणसं तिथं होती.

वाचन रविवारी दुपारी होतं, 'प्रेअरी लाइट्स' या पुस्तकांच्या दुकानात. १९७८ साली सुरू झालेलं हे दुकान गावाच्या मध्यावर आहे. वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं सरकवून खुर्च्या मांडतात. त्याच वरच्या मजल्यावर १९३० च्या दशकात गावातली साहित्यमंडळी जमत असत आणि रॉबर्ट फ्रॉस्ट, कार्ल सँडबर्ग, लँग्स्टन ह्यूझ यांनी तिथं येऊन वाचलं होतं. हे मला कुणी तरी जिना चढतानाच सांगितलं, आणि माझे पाय जड झाले. खुर्च्या भरल्या होत्या. विद्यार्थी, सेवानिवृत्त प्राध्यापक, शेतावरून आलेलं एक जोडपं, इतर देशांचे लेखक. मागं कॉफीच्या यंत्राचा आवाज. माझी मुलगी नवऱ्याच्या मांडीवर.

उस्तादांनी चष्मा पुसला. अरबीतून पहिली कविता वाचली. मग मी इंग्रजीतून. समोरच्या भिंतीला नदीचा पलीकडचा काठ मानून वाचलं. अमेरिकन श्रोते 'वा' म्हणत नाहीत, टाळ्याही मधे वाजवत नाहीत. फक्त घशातून एक हुंकार देतात. तो हुंकार पहिल्यांदा माझ्या वाचण्यावर आला तेव्हा मला घाबरायला झालं आणि मग आनंद झाला. दोन, तीन, चार कविता अशा गेल्या.

पाचवी कविता त्यांच्या आईवरची होती. घर सोडताना आई दारात उभी आहे, एवढाच प्रसंग. उस्ताद अरबीत वाचू लागले. आवाज खोल गेला, मधे किंचित थरथरला. खोलीत सगळे स्तब्ध. अरबी जवळजवळ कुणालाच येत नव्हतं, पण काय चाललं आहे ते सगळ्यांना कळत होतं. माझ्या घशात आवंढा आला. आणि शेवटाजवळ येऊन उस्ताद थांबले. कागद खाली ठेवला. त्यांनी श्रोत्यांकडे बघून शांतपणे, इंग्रजीत सांगितलं, "माफ करा. हे मी खोटं वाचलं. पुन्हा वाचतो."

आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

या वेळी आवाज सरळ होता. काहीही थरथरत नव्हतं. आई दारात उभी राहिली आणि उभीच राहिली, तिला कुणी हलवलं नाही. मला अरबीचा एक शब्द कळत नसतानाही पहिलं वाचन आणि दुसरं वाचन यांतला फरक मला हातात धरून दाखवावा इतका स्पष्ट दिसला. पहिल्या वेळी आम्ही एका वृद्ध माणसाचं दुःख बघत होतो. दुसऱ्या वेळी आई दिसत होती. सत्तरीला आलेला, आयुष्यभर कविता वाचलेला माणूस, भरल्या सभेत, जिथं कुणालाही काही कळलं नसतं तिथं थांबतो आणि म्हणतो की मी खोटं वाचलं. कुणी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं नव्हतं. त्यांचा पहिला श्रोता ते स्वतः होते आणि त्या श्रोत्याला ते फसवू शकत नव्हते.

मग माझी पाळी. मी तालमीत घोटून घेतलेला सूर तसाच वाचला असता तर तो त्यांच्या पहिल्या वाचनाला जुळला असता, दुसऱ्याला नाही. मी तो सोडून दिला. ओळ, अर्धा श्वास, ओळ. शेतावरून आलेल्या बाईंनी हुंकार दिला नाही, त्यांनी फक्त नवऱ्याचा हात धरला. खाली बसले तेव्हा उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं."

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एका तरुणानं युद्धाबद्दल विचारलं. उस्तादांनी त्याला वाळवलेल्या लिंबांचा चहा कसा करतात ते सविस्तर सांगितलं: लिंबं फोडायची कशी, बिया काढायच्या कारण त्या कडू, साखर किती. शाहबंदरमध्ये तो कसा मिळायचा. तरुण आधी गोंधळला, मग लिहून घेऊ लागला. उत्तर टाळलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नोव्हेंबरात ते आयोवा सोडून गेले. आम्ही पुढं काही वर्षांनी परत आलो आणि मी वाईला नानांच्या घरी राहू लागले, कारण नानांची नजर जात होती. काचबिंदू. मधला उजेड शेवटपर्यंत टिकतो आणि कडांकडून अंधार येत जातो. बराच काळ माणसाला कळतही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. ज्याचा सगळा दिवस वाचण्यात जायचा त्या माणसाला मी वाचून दाखवू लागले. आधी वर्तमानपत्र, मग ज्ञानेश्वरी, मग मर्ढेकर, मग सुर्वे. शिक्षक माणूस. डोळे मिटून, बोटानं मात्रा मोजत ऐकायचे. मुक्तछंद आला की म्हणायचे, "ओळ कुठं संपली ते मला कळलं. तुला हे कुणी शिकवलं?" मी उस्तादांची गोष्ट सांगायची. ती त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची असायची, विशेषतः १९४७ ची. एकाच वर्षी, हे ते स्वतःशीच म्हणायचे.

नानांच्या ओळखीतून एक मुलगी आमच्याकडे आली. जन्मापासून दृष्टी नाही, बी.ए. करायचं, पुढं स्पर्धा परीक्षा द्यायची. फोनमधला आवाज तिला पुस्तकं वाचून दाखवतो, पण मराठीची बरीचशी पुस्तकं आणि शिकवणीच्या टिपणांच्या फायली जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरवळणांत छापलेल्या असतात. डोळ्याला अक्षरं नीट दिसतात, यंत्राला मात्र त्यात निरर्थक चिन्हं सापडतात. बाकीच्या फायली म्हणजे पानांचे नुसते फोटो. म्हणून माणूस लागतो. मी तिच्यासाठी वाचून, आवाज मुद्रित करून पाठवू लागले. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यघटना आणि भूगोल. तिच्यामागून आणखी काही विद्यार्थी आले.

भूगोलानं मला उस्तादांची सगळी शिकवण पुन्हा उजळायला लावली. कारण ती मुलगी फार नेमकी होती. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ताई, वाचणारे आकृती आली की ती गाळतात. आवाजावरून मला कळतं, पान उलटायच्या आत काहीतरी सोडलंय." मग नकाशे कसे वाचायचे? पुस्तकात नुसती रेघ असते, खाली चार नावं. मी ते सगळं उस्तादांना कळवलं. अधूनमधून आमची पत्रं चालू होती. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: नदी मोठ्यानं कशी वाचतेस ते मला ऐकव.

मी कृष्णेचा नकाशा मुद्रित केला आणि त्यांना पाठवला, तसाच, मराठीत. महाबळेश्वरला उगम. डोंगर उतरून धोमच्या धरणात. मग खाली पूर्वेला, दक्षिणेला. पलीकडून वेण्णा येते ती माहुलीला मिळते. कराडला कोयना समोरून येऊन भिडते, दोन नद्या अशा समोरासमोर मिळणं दुर्मीळ. नृसिंहवाडीला पंचगंगा. या तिन्ही उजव्या हाताच्या. डावीकडून येरळा. मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, आणि बंगालचा उपसागर. त्या मुलीसाठी मी प्रत्येक ठिकाणी आधी ती कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहे ते सांगत होते, मग पाणी कुठून येतं ते.

काही दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं, एक शब्द कळत नसताना, आणि दोनदा ऐकलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की सुरुवातीला, पहिल्याच मिनिटाच्या आसपास, तू वाचायची थांबलीस आणि सांगायला लागलीस. तिथं काय आहे? मग पुन्हा वाचायला लागलीस. बाकीचं सगळं त्या जागेसारखं कर.

मी मुद्रण लावून पाहिलं. धोमच्या खाली पुस्तकात काहीच नव्हतं. तिथं मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं होतं, की इथं नदी आपल्या वाईच्या घाटांवरून, ढोल्या गणपतीच्या पायाशी जाते, आणि तू उद्या आलीस की आपण पायरीवर बसून पाण्यात पाय घालू.

मी ती फाईल पुसली. माहुली, कराड, नृसिंहवाडी, तिन्ही ठिकाणी मी लहानपणी नानांबरोबर गेलेली होते; पाण्याचा रंग, घाटाची उंची, कुठल्या संगमावर आवाज होतो आणि कुठं होत नाही हे मला माहीत होतं. ते सगळं घेऊन मी कृष्णा उगमापासून पुन्हा वाचली. कर्नाटकाच्या पुढं मी कधी गेले नव्हते, म्हणून विजयवाड्याच्या एका ओळखीच्या बाईंना फोन करून तिथलं पात्र कसं दिसतं ते विचारून घेतलं. त्या कामाला बरेच दिवस गेले. मुलीला नवी फाईल पाठवली. तिनं ऐकून विचारलं, "आता गोदावरी कधी?"